नोटरीचा शिक्का पाहून इसार देऊ नका : मामाचे अडीच लाख असे अडकले

माझ्या मामाचं वावर दारव्हा-दिग्रस पट्ट्यात आहे. लागूनच असलेलं दोन एकर विकायला निघालं आणि मामाने अडीच लाख इसार दिला. त्या सातबाऱ्यावर विकणाऱ्यासोबत त्याच्या बहिणीचंही नाव होतं. ती दिलेली साकोलीकडे. "बाईची संमती आहे भाऊ, नोटरी करूनच आणली," असं म्हणत त्याने पाचशेच्या स्टॅम्पवरचं संमतीपत्र पुढे केलं. खाली गोल शिक्का, तिकीट, सही, सगळं होतं. रजिस्ट्री दिवाळीनंतर करायचं ठरलं.

रजिस्ट्रीच्या दिवशी बहीण आलीच नाही. फोन लावला तर तिला या व्यवहाराची कल्पनाच नव्हती. कागदावरच्या तारखेला ती आपल्या बांधीत धानाची रोवणी करत होती आणि सोबतच्या बाया हे सांगायला तयार आहेत. सही तिची नाही, अंगठाही नाही. इसाराचा पैसा तोवर खर्च झाला होता.

आम्ही तो कागद यवतमाळच्या एका वकिलांकडे नेला. त्यांनी शिक्क्याकडे पाहिलंही नाही, आधी त्याखालचा मजकूर वाचला. तो सगळ्यांनी वाचायला शिकावा म्हणून हे लिहितोय.

"माझ्यासमोर सही केली" हे वाक्य छापील होतं, पण कोणी केली ती जागा कोरी. ओळख कोणी पटवली तिथे नुसती रेघ. आधारचा किंवा दुसऱ्या ओळखपत्राचा उल्लेख नाही. ठिकाण नाही. नोटरीच्या रजिस्टरचा अनुक्रमांक आणि पान क्रमांकही नाही. सही निळ्या शाईची आणि तारीख काळ्या शाईची, अक्षरही वेगळं. वकिलांच्या मते सही-शिक्का मारलेले कोरे कागद आधीच तयार ठेवून नंतर भरतात, त्यातला हा प्रकार असावा. शिवाय शिक्क्यावर नोटरीचं कार्यक्षेत्र लिहिलेलं असतं. इथे ते दुसऱ्याच जिल्ह्याचं होतं.

नोटरीचं काम १९५२ चा नोटरी कायदा आणि १९५६ चे नियम यांवर चालतं. शिक्का मारणं हा त्यातला शेवटचा भाग. माणूस स्वतः समोर आला, त्याची ओळख पटली, त्याने समोर सही केली, हे नोटरी आपल्या नावावर सांगत असतो. त्याची नोंद रजिस्टरमध्ये होते आणि फीची पावती द्यावी लागते. बहीण समोर आलीच नसेल तर नोटरीने कोणाला पाहून लिहून दिलं? त्या चार ओळी नीट भरायला पाच मिनिटं लागतात, आणि त्या न भरल्याने एका घराची बचत जाते. याचा मला फार राग आहे.

आपल्याकडे "नोटरी झाली म्हणजे पक्कं झालं" असं सर्रास बोलतात. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या जमिनीची विक्री नोंदणीकृत खरेदीखताशिवाय होतच नाही. ते १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातच आहे. नोटरीच्या कागदावर जमीन तुमची होत नाही. झेरॉक्सवर "खरी प्रत" शिक्का असेल तर त्याचा अर्थ एवढाच की ती मूळ कागदाशी जुळते. मूळ कागद खरा आहे की खोटा, हे त्यातून कळत नाही.

म्हणून सातबाऱ्यावर जितकी नावं असतील तितक्यांशी स्वतः बोला, दूर दिलेल्या लेकीबाळींशी तर नक्कीच. इसार द्यायचा तर इसारपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवा आणि पैसे बँकेतून द्या. मामाचे पन्नास हजार खात्यावरून गेले, त्याचा पुरावा तरी आहे. बाकी रोख दिले, त्यासाठी आता साक्षीदार गोळा करतोय. नोटरीसमोर बसाल तेव्हा कोरी जागा दिसली तर भरून घ्या, रजिस्टरमध्ये सही करा आणि तो क्रमांक आपल्या कागदावर मागून घ्या.

आम्ही फसवणूक आणि बनावट दस्तऐवजाची, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ आणि ३३६ ची तक्रार ठाण्यात दिली आहे. बहिणीने आपला जबाब दिला. नोटरीच्या गैरवर्तनाबद्दल नियम १३ खाली शासनाकडे वेगळा अर्ज केला असून त्याचं रजिस्टर तपासावं अशी मागणी आहे. तुमच्याकडेही अनुक्रमांक नसलेला असा कागद असेल, तर पुढचा हप्ता देण्याआधी तो वकिलाला दाखवा.