पेन लॅमी सफारी, शाई कॅम्लिनची

रोजचं टाचण आणि वह्यांमधले शेरे गेले काही महिने मी लॅमी सफारीनेच लिहितेय. हे जर्मन फाउंटन पेन १९८० साली शाळकरी मुलांसाठी निघालं, म्हणून बोटं टेकतात तिथे दोन सपाट बाजू आहेत. माझी पकड त्यावर आपसूक बसली. पेन वेगळ्या तऱ्हेने धरणाऱ्यांनी मात्र हातात घेऊन बघितल्याशिवाय घेऊ नये.

निब एफ, म्हणजे फाइन (बारीक), घेतली. जपानी एफपेक्षा ती जाड उमटते. अक्षर बारीक आणि वही साधी असेल तर सरळ ईएफ, म्हणजे त्याहून बारीक, घ्यावी. पावसाळ्यात कागद दमट झाला की शाई पसरते, तेव्हा हा फरक चांगलाच कळतो.

पण खरा प्रश्न शाईचा. सफारीला लॅमीचंच टी१० कार्ट्रिज (शाई भरलेली तयार नळी) लागतं, पार्करचं किंवा आखूड आंतरराष्ट्रीय मापाचं बसत नाही. कन्व्हर्टर (दौतीतून शाई ओढून घेणारी नळी) घेता येतो, पण त्यात शाई कार्ट्रिजपेक्षा कमी मावते. म्हणून मी रिकामं कार्ट्रिजच पुन्हा भरते. साध्या पाण्याने धुवायचं, मेडिकलमधून आणलेल्या सिरिंजने दौतीतून शाई ओढायची, सुई कार्ट्रिजच्या तळाशी नेऊन सावकाश दाबायचं आणि वर थोडी जागा सोडायची. काठोकाठ भरलं तर बसवताना बोटं निळी होतात. बसवल्यावर निब खाली करून थोडा वेळ ठेवलं की शाई उतरते. एकच कार्ट्रिज असं पुष्कळदा चालतं. तोंड सैल होऊन जोडाशी ओल दिसली की मग नवं लावायचं.

शाई कॅम्लिनची रॉयल ब्लू. दांडेकरांनी १९३१ साली घोडा छाप शाईच्या पुडी-गोळ्यांपासून सुरू केलेलं हे घर. आजही कोपऱ्यावरच्या स्टेशनरीत दौत मिळते, याचं मला फार अप्रूप आहे. या पेनमधून ती अडखळत नाही. पाणी लागलं तर मात्र अक्षर जातं, त्यामुळे हजेरीपटाला मी ती वापरत नाही.

दुकानात फाउंटन पेनची शाई असं स्पष्ट सांगून मागा. चित्रकलेची वॉटरप्रूफ काळी शाई चुकूनही भरू नका. तिच्यातलं शेलॅक (लाख) वाळलं की फीडच्या, म्हणजे निबेखालच्या शाई पोचवणाऱ्या भागाच्या, बारीक खाचा बुजतात. मे महिन्याच्या सुट्टीत पेन पडून राहणार असेल तर रिकामं करा आणि त्याच सिरिंजने गार पाणी सोडून, निबेतून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा. गरम पाणी किंवा स्पिरिट नको.