गालापागोस: लहान जहाज की बेटावर मुक्काम?

गालापागोस ही प्रशांत महासागरातली इक्वेडोरची बेटे. तिथे निघालेल्या, नांदूरमध्यमेश्वरला दुर्बीण घेऊन फिरणाऱ्या नाशिककरांचा हा पेच. खर्चात मुक्काम स्वस्त: तिथल्या सांताक्रूझ बेटावर खोली, दिवसाच्या फेऱ्या. राष्ट्रीय उद्यानाच्या प्रवेशाचे 200 डॉलर दोन्हीकडे सारखेच.

प्राण्यांसाठी मात्र जहाजच. ते रात्री अंतर कापते, म्हणून दूरचे फर्नांडिना बेट सकाळी समोर असते: न उडणारे पाणकावळे, काळ्या लाव्हावर सागरी इग्वाना (समुद्रात पोहणारे मोठे सरडे). खडक आपल्या ब्रह्मगिरीसारखाच बेसाल्ट, फक्त अगदी ताजा! जहाजावरून किनाऱ्यावर जाताना रबरी होडीतून कधी गुडघाभर पाण्यात उतरावे लागते. पट्ट्याच्या सँडल घ्या.

जुलै ते नोव्हेंबर समुद्र जास्त हलतो. जहाजात मधली, खालच्या मजल्यावरची केबिन मागा. मुक्कामातही बेटांमधली स्पीडबोट दोनेक तास आदळतेच.

लहान मुले किंवा बेताचे पैसे असतील तर मुक्काम. पक्ष्यांसाठीच जात असाल तर आठ दिवसांचे जहाज.