स्थिर ओव्हरक्लॉक की पीबीओ: सांगलीच्या उन्हाळ्यातील निवड

एएमडी कंपनीच्या रायझन प्रोसेसरचा वेग वाढवण्याचे दोन मार्ग आहेत: बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) सर्व कोअरना, म्हणजे प्रोसेसरमधील गणन-घटकांना, एकच वेग व व्होल्टेज ठरवून देणे, म्हणजेच स्थिर ओव्हरक्लॉक, किंवा प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह, म्हणजेच पीबीओ, वापरून वीजवापराच्या मर्यादा शिथिल करणे आणि निर्णय प्रोसेसरवर सोपवणे.

पहिल्या मार्गाची खरी किंमत उष्णतेत मोजावी लागते. वीजवापर ढोबळमानाने वेग आणि व्होल्टेजचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ४.२ गिगाहर्ट्‌झवरून ४.६ वर जाताना व्होल्टेज १.२० वरून १.३५ व्होल्ट केले, तर वेग जेमतेम साडेनऊ टक्के वाढतो, वीज मात्र सुमारे ३९ टक्के अधिक लागते. सांगलीत एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीकडे झुकतो आणि खोलीचे तापमान जितके वाढते जवळजवळ तितकेच प्रोसेसरचेही वाढते. म्हणून जानेवारीच्या गारव्यात बिनतक्रार चाललेली मांडणी मे महिन्याच्या दुपारी कोलमडू शकते. शिवाय एकाच कोअरवर चालणाऱ्या कामातील मूळ उच्चतम बूस्ट (प्रोसेसर आपोआप गाठतो तो वाढीव वेग) हातचा जातो, तो वेगळाच.

पीबीओ तापमान पाहून स्वतःच वेग कमी करते. रायझन ५००० मालिकेपासून त्याला कर्व्ह ऑप्टिमायझरची (कोणत्या वेगाला किती व्होल्टेज द्यायचे हे बदलण्याच्या सोयीची) जोड मिळाली असून, त्यात ऋण मूल्य दिल्यास तोच वेग कमी व्होल्टेजवर मिळतो. मात्र हे मूल्य फार खाली नेल्यास संगणक रिकामा असतानाही बंद पडतो, त्यामुळे केवळ पूर्ण भाराच्या चाचणीवर विसंबू नये.

हमी (वॉरंटी) रद्द होण्याची अडचण दोन्हींकडे आहे. दिवसभर एकसारखे रेंडरिंग (चित्रे वा व्हिडिओ तयार करण्याचे जड काम) करणाऱ्याने, तेही वातानुकूलित खोलीत, पहिला मार्ग जरूर अजमावावा. घरगुती वापरासाठी मी पीबीओच निवडेन.