ब्लू-ब्लॅक शाई कुठली घ्यावी? पाच बाटल्या, एक रजिस्टर आणि सोलापूरचं ऊन

नवी पेठेत जाऊन शाई मागितली की दुकानदार विचारतो, निळी का काळी? ब्लू-ब्लॅक म्हटलं की मग स्टूल घेऊन वरच्या फळीवर शोधाशोध सुरू. आमची भाची यंदा कोर्टात ज्युनिअर म्हणून उभी राहायला लागली, तिला शाईपेननंच लिहायचंय, तिचा फोन आला, मामा, मी एकच बाटली घेणार आहे, कुठली घेऊ ते सांग. आमचं चादरी-टॉवेलचं दुकान, रोजवही मी बावीस वर्षं शाईपेननं लिहितोय आणि त्यात ब्लू-ब्लॅकच जास्त, म्हणून तिला जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी एक गोष्ट, कारण लोकांचा गोंधळ इथंच होतो. बाटलीवर ब्लू-ब्लॅक लिहिलेलं असतं त्याचे अर्थ दोन आहेत. एक म्हणजे नुसता रंग, गडद काळपट निळा. दुसरा म्हणजे शाईची जातच वेगळी, तिला आयर्न गॉल म्हणतात. मायफळ आपल्याला बाळगुटीतलं माहितीय, ओकच्या झाडावर किडीमुळे जी गाठ येते ती. त्या मायफळातलं टॅनिन म्हणजे तुरट द्रव्य आणि हिराकस म्हणजे लोहाचा क्षार एकत्र आलं की काळा रंग तयार होतो, आपल्याकडे हिरडा आणि हिराकस वापरून कापड काळं करायचे ते याच तत्त्वावर. गंमत म्हणजे बाटलीत असताना ही शाई फिकट असते, कागदावर हवा लागली की हळूहळू काळी होत जाते आणि कागदाच्या धाग्यात अशी बसते की पाण्यानं निघत नाही. पण लिहिताना अक्षर दिसायला तर पाहिजे ना, म्हणून त्यात निळा रंग घालायचे. आधी निळी, मग काळी, म्हणून ब्लू-ब्लॅक! इंग्लंडात लग्नाच्या नोंदवह्या २०२१ पर्यंत याच जातीच्या शाईनं लिहायचे.

आता बाजारातल्या बहुतेक ब्लू-ब्लॅकमध्ये लोह नाही, नुसता रंगच आहे. म्हणून आधी हे ठरवा की तुम्हाला कागदावर टिकणारी शाई पाहिजे का फक्त तो रंग आवडतो. हे ठरलं की अर्धं काम झालं.

मी एका साध्या रजिस्टरच्या पानावर, आपल्या हिशोबाच्या वहीत असतो तसला पातळ कागद, पाच शाईंनी एकच ओळ लिहिली, श्री सिद्धेश्वर प्रसन्न, वहीच्या डोक्यावर लिहितो तीच. पेन एकच, मीडियम निबचं, दर वेळी धुऊन कोरडं करून. शाई होत्या पेलिकन ४००१, रोरर अँड क्लिंगनरची सॅलिक्स, पायलट, पार्कर क्विंक आणि वॉटरमनची मिस्टीरियस ब्लू, जिचं आधीचं नाव ब्लू-ब्लॅकच होतं. पहिल्या दोन लोहाच्या, बाकी तीन रंगाच्या.

लिहिताना पेलिकन थोडी कोरडी वाटते, म्हणजे निब कागदावर घासत चालल्यासारखी. पण तेच तिचं बळ आहे. पातळ कागदावर 'द्ध' मधली पोकळी स्वच्छ राहते, अक्षराला केस फुटत नाहीत आणि पानामागं फारसं उमटत नाही, त्यामुळे दोन्ही बाजू वापरता येतात. सॅलिक्सचंही तसंच, फक्त ती लिहिताना बरीच निळी दिसते, नव्या माणसाला वाटेल की अरे ही कुठली ब्लू-ब्लॅक. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडून वही काढली तर सॅलिक्सची ओळ उतरून काळपट झालेली, पेलिकनची त्याहून गडद, आणि जिथं निब टेकवून अक्षर सुरू केलं होतं तिथला ठिपका तर जवळजवळ काळाच. मला हे अजूनही दर वेळी बघावंसं वाटतं, रात्री लिहिलेलं सकाळी थोडं पिकलेलं असतं.

पायलट एकदम वेगळी, ओली, गुळगुळीत, निब नुसती वाहते, जास्त लिहिणाऱ्याचा हात दुखणार नाही. रंग भरगच्च. पण पातळ कागदावर ओळ जाड होते आणि मागं जरा जास्त उमटतं, चांगला कागद असेल तर प्रश्नच नाही. क्विंक मधोमध, १९३१ पासूनचं नाव, क्विक आणि इंक मिळून झालेलं, वाळते पटकन, पण रंग वाळल्यावर थोडा राखाडी-हिरवटाकडे जातो. वॉटरमनचाही कल हिरवट निळ्याकडे, तो ज्याला आवडतो त्याला फार आवडतो, आणि पेनाला ही शाई सगळ्यात सौम्य, जुनं वारशाचं पेन असेल तर मी हीच भरेन.

मग पाणी. प्रत्येक ओळीवर ओल्या पेल्याच्या बुडाचा एकेक गोल टेकवला, कारण आमच्या गल्ल्यावर शाई सांडायची भीती कमी आणि पाण्याचा पेला ठेवायची सवय जास्त. क्विंक आणि वॉटरमन पसरल्या, वाचता येतं पण सही असती तर जीव खालीवर झाला असता. पेलिकन आणि सॅलिक्सचा निळा भाग वाहून गेला आणि खाली करडी-काळी ओळ तशीच राहिली, अक्षर न् अक्षर लागतं. पायलटनं मात्र मला चकित केलं, लोह नसून सुद्धा थोडा निळा डाग सोडून ओळ जागच्या जागी! शाळेत आपण जी रॉयल ब्लू वापरायचो ती अशा वेळी पार धुऊन जाते, ती कामाच्या कागदाला वापरूच नका.

आता सोलापूरचं ऊन, हे बाहेरच्या रिव्ह्यूत कुणी सांगत नाही. एप्रिल-मेमध्ये इथं पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो, हवा कोरडी ठणठणीत, टोपण दोन मिनिटं उघडं राहिलं की निबवर शाई वाळते. रंगाची शाई वाळली तर ओल्या फडक्यानं पुसून पुन्हा चालू. लोहाची शाई पेनात वाळली तर ती आत घट्ट बसते आणि नुसत्या पाण्यानं लवकर सुटत नाही. एकदा मे महिन्यात भरलेलं पेन ड्रॉवरमध्ये ठेवून लग्नाला गावी गेलो, अकरा दिवसांनी आलो तर पेन ठप्प. निब आणि तिच्याखालची शाई आणणारी जिभली तीन दिवस पाण्यात, रोज पाणी बदलून, तेव्हा कुठं धार आली. लोहाची शाई आम्लयुक्त असते, म्हणून ती रोज लिहिणाऱ्यानंच वापरावी आणि महिन्यातून एकदा पेन धुवावं, न वापरता ठेवायचं असेल तर रिकामं करूनच ठेवावं.

ड्रॉपरनं भरायची मोठी पेनं असतात ना, त्यात मी उन्हाळ्यात लोहाची शाई भरत नाही. एक तर एवढी शाई संपायला आठवडे लागतात, आणि शाई तळाला गेली की हाताच्या उबेनं आतली हवा फुगते आणि नेमका महत्त्वाच्या कागदावर थेंब पडतो. कन्व्हर्टरचं, म्हणजे आत शाई ओढून घ्यायची छोटी नळी असलेलं पेन बरं.

आणि जुने सल्ले वाचून खरेदी करू नका. लॅमीची बाटलीतली ब्लू-ब्लॅक पूर्वी लोहाची होती, आता नाही. उलट प्लॅटिनमची ब्लू-ब्लॅक आयर्न गॉल आहे. आणि कुठलीही दोन शाई एकमेकांत मिसळू नका, लोहाची तर अजिबातच नाही, आत गाळ बसतो.

भाचीचं काय झालं? ती रोज लिहिते, कागद साधाच, सारखं उन्हात आत-बाहेर, आणि पेन धुवायचा तिला कंटाळा नाही. तिला पेलिकन सांगितली. तिचीच मैत्रीण, आठवड्यातून दोनदा पेन उघडणारी, तिला पायलट सांगितली, कारण पाण्याला ती टिकते आणि चार दिवस पेन पडून राहिलं तरी ती पेनात आयर्न गॉलसारखी अडकून बसत नाही. नुसती डायरी लिहायची असेल, रंगाची मजा घ्यायची असेल, तर वॉटरमन किंवा क्विंक घ्या, ज्याचा रंग डोळ्याला बरा वाटेल ती.

भाचीच्या पेनात आधी रॉयल ब्लू होती, म्हणून पेलिकन भरायच्या आधी तिला पेन धुवायला लावलं. नळाखाली नाही, वाटीत साधं पाणी घेऊन कन्व्हर्टर फिरवत, पाणी निवळ येईपर्यंत. सहा वाट्या लागल्या, आणि मग टीपकागदावर निब टेकवून पाहिली तेव्हा कुठं निळा ठिपका यायचा थांबला.