पोर्सेलिनची बाहुली: चेहऱ्यावर भाळण्याआधी आतलं इलॅस्टिक बघा

घरात पुढच्या पिढीकडे जावी म्हणून हाताने घडवलेली पोर्सेलिनची बाहुली घ्यायची, तर चेहरा ही सगळ्यात कमी काळजीची गोष्ट. आपटलं नाही तर भाजलेलं पोर्सेलिन पिढ्यान् पिढ्या तसंच राहतं. जर्मनीतल्या थुरिंगियात १९व्या शतकात घडलेली डोकी आजही शाबूत आहेत. आधी दगा देतं ते अंगातलं इलॅस्टिक. मान आणि हातपाय त्याच्याच ताणावर आकड्यांनी अडकवलेले असतात. ते सैल पडलं की मान कलते आणि सांध्याच्या कडा एकमेकींवर घासून टवके उडतात. फार ताणलेलंही वाईट, कारण हात सुटला की फटकन आपटतो. डोकं हळूच वळवून बघा, करकर ऐकू आली तर मानेच्या खोबणीत चामड्याची किंवा फेल्टची चकती घातलेली नाही. डोकं चिकटवून टाकलं असेल तर इलॅस्टिक कधीच बदलता येणार नाही. अशी बाहुली तिथेच ठेवून यावी.

आता चेहरा. बिस्क म्हणजे झिलई न दिलेलं, त्वचेसारखं मंद पोर्सेलिन. पातळ माती प्लास्टरच्या साच्यात ओततात, कडेला थर धरला की उरलेली ओतून काढतात. १२०० अंश सेल्सिअसच्या वर भाजताना ती चांगलीच आक्रसते. थर कमीजास्त असेल तर डोकं वाकतं आणि एक डोळा खाली येतो. चेहऱ्यावरचे रंग नंतर साधारण ७०० ते ७५० अंशांना, थराथराने भाजतात. एकाच भाजणीत उरकलेली गालाची लाली ठिगळासारखी दिसते. भुवईतला केस न् केस सुटा दिसला, तर हात सरावाचा आहे. न भाजलेला रंग मात्र नेलपॉलिश रिमूव्हरने निघून येतो. विक्रेत्याला विचारून, विगखाली झाकल्या जाणाऱ्या रंगावर कापसाचा बोळा फिरवा.

विग उचललाच आहे तर डोक्यात छोटा टॉर्च धरा. केसाएवढी चीर असेल तर गडद रेघ उमटते. मानेमागे कारागिराची खूण आणि साच्याचा क्रमांकही बघून घ्या. सोबतच्या नक्षीदार प्रमाणपत्रापेक्षा तो जास्त बोलतो.

कापडी अंगाची बाहुली कमी डौलदार, पण इलॅस्टिकची कटकट नाही. जपायलाच घ्यायची तर तीच सरस.

ठेवताना हवाबंद प्लास्टिक नको, आम्लरहित कागद वापरा. डोळे उघडझाप करणारे असतील तर बाहुली पालथी ठेवा. उताणी ठेवली की डोळ्यांमागचं वजन लोंबतं आणि डोळे निसटून आत पडू शकतात.