टायटल क्लिअर होतं, भाडंच खोटं होतं

पुण्याजवळ नऱ्ह्यात कोणी वन आरकेची भाड्याची बिल्डिंग दाखवत असेल, तर आधी हे वाचा. मी 1 कोटी 40 लाखांना घेतली. 12 खोल्या, प्रत्येकी 9,000, म्हणजे महिना 1,08,000. मुलाला सहअर्जदार करून काढलेल्या 80 लाखांच्या कर्जाचा हप्ता 83,538. वरचे 24,462 हातात. विकणाऱ्या मालकाने मांडलेला हा हिशोब अजून माझ्याकडे आहे. त्यात पाण्याचा टँकर नाही, जिन्यातले दिवे नाहीत, मे महिन्यात पोरं गावी गेली की रिकाम्या पडणाऱ्या खोल्या नाहीत.

खोल्यांत गाद्या, दोरीवर कपडे, अकरा महिन्यांचे करार. सगळे नोटरी केलेले, नोंदणी एकाचीही नाही. ही नोंदणी घरमालकाची कायदेशीर जबाबदारी असते, हे मला माहीत होतं. तरी "पोरांचा खर्च वाचवला" हे मालकाचं उत्तर मी ऐकून घेतलं.

आणि ते मीटर! जिन्याखाली 12 मीटरची रांग. बायको म्हणाली, "अहो, सातांचा लाल दिवा लुकलुकतच नाहीये." एजंट म्हणाला, "पोरं कामावर गेलीत, काकू." रविवार होता तो. रविवारी सकाळी साडेनऊला सात खोल्यांत एक पंखासुद्धा चालू नाही? तिथेच मागे फिरायला हवं होतं. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचे युनिट छापलेले असतात. बिलं मागा, प्रत्येक खोलीचं.

मी डोळे मिटून पैसे टाकलेले नाहीत. 31 वर्षांच्या नोकरीची पुंजी होती ती. वकिलाकडून मालकी हक्काचा (टायटलचा) 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट घेतला, बँकेनेही कागद तपासले. भाडं खरंच येतं का, हे कोणीच पाहिलं नाही.

दोन महिन्यांत सात खोल्या रिकाम्या झाल्या. उरलेले पाच जण 6,500 प्रमाणे 32,500 देतात. त्यांचं 1,00,000 डिपॉझिट मालकाने ठेवून घेतलं, परत मी करायचं. भाडेकरूंशी मालक नसताना बोला, रात्री जाऊन बोला. भाडं जमा झालेलं बँक स्टेटमेंट बघा.

पोलीस ठाण्यात चार खेपा झाल्या. "दिवाणी मामला आहे, कोर्टात जा." आर्थिक गुन्हे शाखेत गेलो, तर "आधी ठाण्यात जा." ठाण्यात अर्ज ठेवून घेतला, पोच देईनात. एक साहेब म्हणाले, "काका, एवढे पैसे होते तर एफडी करायची." सात बोगस करारांपैकी दोन पत्त्यांवर मी स्वतः जाऊन आलो, त्या नावाचं तिथे कोणी नाही. खोटी नावं, खोटे पत्ते, खोट्या सह्या, आणि हा दिवाणी मामला? गुन्हा नोंदवायला अजून काय आणून द्यायचं?

उद्या 5 तारीख. टँकर, वीज, साफसफाईचे 13,500 धरून या महिन्यातही 64,538 मुलाच्या पगारातून जाणार.