एकाच लॉटचे म्हणून घेतलेले पंचवीस डबे

माझी लेक दहा मीटर एअर रायफल नेमबाजी करते. आम्ही चिपळूणचे. इथे मोठी रेंज नाही. एका हॉलमध्ये दहा मीटर मोजून, दोरीवर कागदी टार्गेट सरकवून मुलं सराव करतात. शिकवायला लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार काका आहेत. गेल्या हिवाळ्यात छर्‍यांच्या खरेदीत आम्ही फसलो. पैसे गेलेच, पण त्याहून वाईट जे झालं ते सांगण्यासाठी हे लिहितोय. कोकणातले बरेच पालक असेच कुणाच्या तरी ओळखीने, मोबाइलवरून सामान मागवतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी छर्‍यांचं थोडं समजून घ्या. टार्गेटवरचा दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा. पुढची प्रत्येक रिंग अडीच मिलिमीटरने लांब जाते. म्हणजे छर्रा एक मिलिमीटर बाजूला पडला की 0.4 गुण गेले. साठ शॉट्सच्या स्पर्धेत ही गळती किती होते याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. आणि हे एक मिलिमीटर मुलांच्या हातानेच जातं असं नाही, छर्‍यानेही जातं. डब्यावर एकच नाव, एकच माप, तरीही एका लॉटचे (एका वेळी तयार झालेल्या मालाचे) छर्रे एका बॅरलमधून (नळीतून) एकाच भोकात जातात आणि दुसऱ्या लॉटचे फाकतात. कारखान्यातले साचे झिजतात, बदलले जातात, डोक्याचा व्यास शतांश मिलिमीटरने इकडे तिकडे होतो. कुठला लॉट आपल्या रायफलला मानवेल हे डबा बघून कुणालाच सांगता येत नाही. मारूनच बघावं लागतं.

सुभेदार काका म्हणतात, फौजेतल्या रायफलचंही तेच. उलट आपोआप भरणाऱ्या रायफलला आणखी एक अट असते. गोळी नेमकी जायला हवी, शिवाय त्याच काडतुसाच्या जोरावर बोल्ट मागे येऊन पुढचं काडतूस मॅगझिनमधून नीट आत जायला हवं. काडतूस कमी जोराचं निघालं तर रायफल अडते. आमच्या एअर रायफलमध्ये एकेक छर्रा हाताने ठेवायचा, त्यामुळे फक्त बॅरलची पसंती बघायची. काम सोपं आहे, म्हणूनच मी गाफील राहिलो.

नोव्हेंबरमध्ये एका पालकाने मला एका माणसाचा नंबर दिला. "शिबिरातला शिल्लक माल आहे, सगळा एकाच लॉटचा, परदेशी, स्पर्धेचे मॅच छर्रे," असं तो सांगत होता. मी नमुन्याला एक डबा मागवला. नऊशे पन्नास रुपये. रायफल हलू नये म्हणून सुताराकडून लाकडी साचा करून घेतला होता, त्यात ती बसवून काकांनी दहा-दहा शॉट्सचे तीन ग्रुप मारले. तिन्ही वेळा दहाही छर्रे जवळजवळ एकाच भोकात. काकांसारखा मोजकं बोलणारा माणूसही म्हणाला, "हाच लॉट घ्या, सीझनभर पुरेल इतका."

मी पंचवीस डब्यांची ऑर्डर दिली. घाऊक म्हणून साडेसातशेला एक, एकूण 18,750 रुपये. त्याने बिल देतो म्हटलं आणि पैसे त्याच्या वैयक्तिक नंबरवर यूपीआयने मागितले. मी पाठवले. कुरिअर आलं. प्रत्येक डब्याच्या मागे नमुन्यावर होता तोच लॉट नंबर. मी पंचवीसही नंबर वाचले, समाधानाने डबे कपाटात रचले, आणि एकाही डब्यातले दहा छर्रे साच्यातून मारून बघितले नाहीत. ही माझी चूक.

लेक तेव्हा सरावात 612 पर्यंत (साठ शॉट्सची बेरीज, दशांश धरून) जात होती. जानेवारीत ती 603 वर आली. काकांनी तिचा श्वास तपासला, ट्रिगरवरचं बोट तपासलं, उभं राहणं बदललं. मी मोबाइल काढून घेतला, अभ्यासाचं आणि झोपेचं वेळापत्रक लावलं. एकदा तर "तुझं लक्षच नाही" असं सगळ्यांसमोर बोललो. ती काहीच बोलली नाही. नंतर दोन शॉट्सच्या मध्ये ती रायफल खाली घेऊन उगाच साइट (नेम धरायचं साधन) फिरवू लागली. एखादा शॉट नऊला गेला की पुढचा मारायलाच घाबरायची. चांगला सुटलेला शॉट आतून कळतो, असं काकांनी तिला दोन वर्षं शिकवलं होतं. आता आतून चांगला वाटलेला शॉटही टार्गेटवर लांब दिसत होता. तिचा स्वतःच्या हातावरचा विश्वास उडत चालला होता, आणि त्यात आम्ही दोघं मोठे भर घालत होतो.

फेब्रुवारीत नमुन्याच्या डब्यातले तळाला उरलेले तीसेक छर्रे सापडले म्हणून तिने ते वापरले. पहिल्या दहात एकही नऊ नाही. मग काकांनी साचा पुन्हा काढला. जुने छर्रे पूर्वीसारखेच एका भोकात. नव्या डब्यातल्या दहांनी जवळपास दुप्पट रुंद भोक पाडलं. तीन वेगवेगळे डबे फोडले, तिन्हींचं तेच.

साध्या व्हर्नियरने छर्‍याचं डोकं मोजून काही कळत नाही. शिसं मऊ, दाबलं की दबतं, आणि फरक तर शतांशाचा. म्हणून मी बाजारपेठेतल्या ओळखीच्या सोनाराकडे गेलो. त्याच्या काट्यावर जुने वीस छर्रे एकेक करून तोलले: सगळे 529 ते 533 मिलिग्रॅमच्या आत. नवे वीस: कुठे 490, कुठे 512, कुठे 535. हा एका लॉटचा माल नव्हताच, दोन-तीन प्रकारचे सरावाचे स्वस्त छर्रे एकत्र केलेले होते. घरी येऊन डब्यामागचं स्टिकर वाफेवर धरून सोडवलं. खाली दुसरं स्टिकर होतं, त्यावर वेगळा नंबर. झाकणाभोवतीची चिकटपट्टी डबा बंद झाल्यावर पुन्हा लावलेली होती, कारण जुन्या पट्टीचा गोंद तिच्या बाहेर दिसत होता. आत वर ठेवलेली फोमची चकती बऱ्याच डब्यांत नव्हती, आणि छर्‍यांच्या मागच्या पातळ घेरांना पोचे आलेले होते. घेर वाकडा असला की हवा एका बाजूने निसटते आणि छर्रा बॅरलमधून बाहेर पडतानाच तिरका होतो. हे सगळं डिसेंबरमध्येही दिसलं असतं, मी बघितलं असतं तर.

फोन केला तेव्हा त्या माणसाने काय सांगावं? "तुमच्या कोकणातली हवा दमट, खारी. शिसं खराब होतं. तुम्ही नीट ठेवलं नसेल." क्षणभर मला खरंच वाटलं. इथे कड्या-कोयंडे गंजतात, पुस्तकांना बुरशी येते, मग छर्रे का नाही? पण काकांनी लगेच खोडलं. दमटपणाने शिसं बिघडलं तर वर पांढरी पूड धरते. हे छर्रे चकचकीत होते. शिवाय त्यांच्याकडे एक पूर्ण पावसाळा काढलेला, झाकण घट्ट लावून ठेवलेला जुना डबा होता, आणि तो आजही नीट मारतो. हवेने वजन चाळीस मिलिग्रॅमने कमी-जास्त होत नाही. हे सांगितल्यावर त्या माणसाने मला ब्लॉक केलं.

साडेचार मिलिमीटर बोअरच्या, 20 ज्यूलपर्यंत शक्तीच्या एअर रायफलला 2016 च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही, त्यामुळे छर्रे घेतानाही परवाना दाखवावा लागत नाही. काडतुसांसारखी परवान्यावर नोंद नाही. म्हणूनच इथे पक्कं बिल हाच एक पुरावा, आणि तोच माझ्याकडे नाही. तरी यूपीआयची पावती, संदेश, कुरिअरचं पाकीट आणि दोन्ही स्टिकरांचे फोटो घेऊन मी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे, तिथेही सांगितलं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, विक्रेत्याच्या गावी जावं लागत नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. मी तिकडेही अर्ज करतोय. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं मुदत असते, पण थांबू नका, फोन नंबर बदलतात.

आता मी बिल देणाऱ्या दुकानातूनच घेतो. आधी चार-पाच लॉटचा एकेक डबा, साच्यातून प्रत्येकाचे दहाचे तीन ग्रुप, मग जो जमेल त्याचे सीझनपुरते डबे. ते आले की कुठलेही तीन डबे निवडून पुन्हा साच्यातून मारायचे, आणि हे होईपर्यंत मुलीच्या हातात द्यायचे नाहीत. मुलांचा स्कोअर अचानक उतरला तर आधी रायफल साच्यात बसवा.

नवा लॉट आल्यावर पहिल्या दिवशी तिने वीस शॉट मारले आणि रायफल खाली ठेवून विचारलं, "बाबा, मग जानेवारीत माझा श्वास बरोबरच होता का?" मी हो म्हटलं आणि तिची माफी मागितली. काकांनीही मागितली. ती अजून 612 वर परत आलेली नाही. साइटला हात लावायची सवय जायला वेळ लागतोय.

उरलेले एकवीस डबे कपाटात तसेच आहेत, पुरावा म्हणून. नवशिक्या मुलांना चालतील, स्वस्तात द्या, असं दोघा-तिघांनी सुचवलं. मी दिले नाहीत. नवशिक्याच्या हातात तर ते मुळीच देणार नाही.